मंडळीची कामकाज सभा ख्रिस्ताच्या वृत्तीने चालवताना

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सर्वसाधारण सभेत भांडण झाले की दोष बहुधा सभासदांच्या आध्यात्मिक दुबळेपणाला दिला जातो, आणि पुढच्या रविवारी त्यावर एखादा कडक उपदेशही होतो. माझे निरीक्षण थोडे निराळे आहे. खानदेशातील मंडळ्यांत ज्या सभा बिघडतात, त्यांपैकी बऱ्याच सभा सुरू होण्याआधीच बिघडलेल्या असतात. सूचना दोन दिवस आधी मिळालेली असते, जमाखर्च खजिनदाराच्या वहीत कमी आणि डोक्यात जास्त असतो, जागेची कागदपत्रे एकाच घरच्या कपाटात असतात, आणि निर्णय कोणाच्या ओसरीवर आधीच झाला आहे हे सर्वांना ठाऊक असते. अशा सभेला भावपूर्ण गीताची आणि दीर्घ प्रार्थनेची जोड दिली तरी तिची वृत्ती बदलत नाही. म्हणून येथे प्रार्थनेइतकेच सूचना, हिशेब, बोलण्याचा क्रम आणि इतिवृत्त यांविषयी लिहीत आहे. मंडळीतील दुबळ्या सभासदाला आपण किती मानतो, हे या रूक्ष वाटणाऱ्या गोष्टींतूनच कळते.

आपल्याकडील सभेत दोन रीती मिसळल्या आहेत. पश्चिम खानदेशात स्वीडिश मिशनऱ्यांनी आणि भुसावळ परिसरात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या मिशनऱ्यांनी कमिटी, सेक्रेटरी, ठराव आणि अनुमोदन ही पद्धत रुजवली. गावातली पंच बसवण्याची आणि थोरामोठ्यांचा शब्द अखेरचा मानण्याची रीत तर आपली जुनीच होती. दोन्हींत घेण्यासारखे आहे. पंचांच्या बैठकीत माणूस जोडून ठेवण्याची कळकळ असते, कमिटीच्या पद्धतीत लहान माणसाच्या मताला मोजमाप असते. अडचण तेव्हा येते, जेव्हा कागदावर कमिटी चालते आणि प्रत्यक्षात भाऊबंदकी.

प्रेषितांनी तक्रार कशी हाताळली

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील सभा प्रत्येक कमिटीने वर्षातून एकदा तरी एकत्र वाचावी. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते, अशी कुरकुर मंडळीत सुरू झाली. बारा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही आणि त्यांच्या विश्वासावर शंकाही घेतली नाही. त्यांनी सगळ्या शिष्यसमुदायाला बोलावले, आपले काम कोणते आणि कोणते नाही हे स्पष्ट सांगितले, माणसांची पात्रता ठरवून दिली आणि निवड समुदायावर सोपवली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, आणि त्यांतला अंत्युखियाचा निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेले, असे यावरून दिसते.

हा प्रसंग आपल्याला फार जवळचा आहे. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतील मंडळ्यांत मावची, भिल्ली, पावरी बोलणारे सभासद बहुसंख्य असतात, आणि सभा मात्र प्रमाण मराठीत चालते. जळगाव-धुळ्याकडे अहिराणी बोलणाऱ्या आजीबाईंची तीच गत होते. विषयपत्रिका मराठीतच असावी, पण प्रत्येक महत्त्वाचा विषय मांडताना अध्यक्षांनी किंवा त्यांनी नेमलेल्या सभासदाने तो लोकांच्या बोलीत पुन्हा सांगावा, आणि कोणी अहिराणीत किंवा मावचीत बोलू लागल्यास त्याला मराठीत बोलायला सांगू नये. मराठी जमत नाही म्हणून जो गप्प बसतो, त्याचे मौन आपण संमती म्हणून नोंदवतो. वाटपात मागे राहिलेल्या त्या विधवांवर झालेल्या अन्यायापेक्षा हा वेगळा नाही.

तारीख, सूचना आणि ऐनवेळचे विषय

सभेची तारीख ठरवताना पहिला प्रश्न असा विचारावा की त्या दिवशी कोण येऊ शकणार नाही. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेल्या सभेत अशा मंडळीतील मोठा गट नसतोच, आणि त्या सभेत पंच निवडले गेले तर वर्षभर कुजबुज राहते. हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते, त्यानंतर तपासणीला वेळ लागतो. त्यामुळे गावाकडील मंडळ्यांना मे महिन्याची अखेर किंवा पेरणीची घाई सुरू होण्याआधीचा जूनचा पहिला आठवडा सोयीचा पडतो. भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेच्या पाळ्या पाहाव्यात. वेळ सकाळी लवकरची ठेवावी. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, आणि उपासना संपल्यावर भर दुपारी, उपाशीपोटी, रडणाऱ्या लेकरांसह घेतलेल्या सभेत धीर आणि सौम्यता यांची अपेक्षा करणे म्हणजे पवित्र आत्म्याच्या फळांची विनाकारण परीक्षा घेणे होय.

सूचना किती दिवस आधी द्यायची आणि गणपूर्तीसाठी किती सभासद हवेत, हे मंडळीच्या घटनेत लिहिलेले असते. ती घटना कमिटीतील प्रत्येकाने वाचलेली असावी. तिची प्रत शोधण्यातच महिना जात असेल, तर पहिले काम तेच समजावे. सूचना लेखी काढावी, वेदीवरून सलग दोन रविवारी वाचून दाखवावी, फळ्यावर लावावी आणि दूरच्या पाड्यांवर माणूस पाठवून पोचवावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेला निरोप सोयीचा असतो, पण ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तो मुलाच्या खिशात आहे, त्यांच्यासाठी तो निरोप नव्हेच.

विषयपत्रिकेच्या शेवटी ‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ ही ओळ असते, आणि मंडळ्यांतील कितीतरी जखमा या एका ओळीतून झाल्या आहेत. लोक उठून जाऊ लागतात, चहाचा वास येतो, आणि नेमक्या त्या क्षणी कुंपणालगतची जागा कोणाला वापरायला द्यायची हा विषय निघतो. नियम साधा ठेवावा: पैसा, जागा, नेमणूक आणि कोणाही व्यक्तीचे आचरण हे विषय ऐनवेळी घेतले जाणार नाहीत. ते कितीही तातडीचे वाटले तरी पुढच्या सभेच्या सूचनेत लिहून यावेत. जो विषय आठ दिवस उजेडात ठेवता येत नाही, तो पाच मिनिटांत मंजूर करण्याचे कारण नाही.

हिशेब

यहूदियातील गरजू बांधवांसाठी गोळा केलेली देणगी पोचवताना पौलाने ती एकट्याने नेली नाही. त्याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक बंधू होता. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने त्याचे कारणही दिले आहे: प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते करण्याची काळजी आपण घेतो. प्रेषिताला जी खबरदारी कमीपणाची वाटली नाही, ती आपल्या खजिनदाराला वाटू नये. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा समज आपल्याकडे खोल आहे, आणि प्रामाणिक खजिनदाराचे नुकसान याच समजाने सर्वात जास्त होते, कारण त्याच्याकडे स्वतःचा प्रामाणिकपणा दाखवण्याचे साधनच उरत नाही.

दानार्पण एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी उपासनेनंतर तेथेच मोजावे, आकडा वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. हंगामाच्या सणाला आलेले धान्य, भाजी आणि कोंबड्या यांच्या लिलावाची रक्कम, तसेच लग्नाच्या वेळी मिळालेली देणगी, याच वहीत यावी. वादाचा मोठा भाग नेहमीच्या दानापेक्षा अशा अधूनमधून येणाऱ्या पैशाभोवती असतो. वार्षिक जमाखर्चाचा एक पानी गोषवारा सभेआधी किमान एक आठवडा सभासदांच्या हाती पडावा, म्हणजे प्रश्न घरी विचार करून येतील. सभेत खजिनदाराने तो वाचून दाखवावा आणि मागील वर्षाचा आकडा शेजारी ठेवावा. एखाद्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी ठाऊक नसेल, तर अंदाजाने सांगू नये. ‘पावती पाहून पुढच्या रविवारी लेखी उत्तर देतो’ हे उत्तर पूर्ण सन्मानाचे आहे, मात्र पुढच्या रविवारी ते खरोखर द्यावे.

अध्यक्षांचे काम

बहुतेक ठिकाणी पाळकसाहेबच अध्यक्ष असतात. त्यांच्या मानधनाचा, बदलीचा किंवा घराच्या दुरुस्तीचा विषय आला की त्यांनी खुर्ची मंडळीच्या दुसऱ्या वडिलांकडे, म्हणजे निवडलेल्या ज्येष्ठ पुढाऱ्याकडे, देऊन बाहेर जावे. नात्यागोत्याच्या विषयातही हेच करावे. तथापि लहान गावात सगळी मंडळीच एकमेकांची सोयरी असते, आणि नात्यातल्या प्रत्येकाने बाहेर जायचे ठरवले तर सभेत कोणी उरणार नाही. तेथे निदान नाते उघड सांगावे आणि निर्णायक मत देऊ नये.

सुरुवातीची भक्ती दहा मिनिटांची पुरते. शास्त्रभाग निवडताना एक मोह टाळावा. ज्या वर्षी कमिटीवर टीका होणार असे दिसते, त्या वर्षी मोशेविरुद्ध कुरकुर करणाऱ्या कोरहाचा भाग वाचला जातो, आणि टीका करणारे उभे राहण्याआधीच बंडखोर ठरतात. प्रार्थनेतही हे घडते. ‘प्रभू, काही जणांच्या मनात आलेला दुष्ट विचार दूर कर’ अशी प्रार्थना करणारा माणूस देवाशी कमी आणि तिसऱ्या बाकावरच्या बंधूंशी जास्त बोलत असतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीचा भाग, किंवा ऐकण्यात तत्पर आणि बोलण्यात संथ असावे असे सांगणारा याकोबाच्या पत्रातील भाग, सर्वांना सारखाच लागू पडतो.

चर्चेच्या आधी नियम वाचून दाखवावेत. बोलणे अध्यक्षांना उद्देशून असावे. एका विषयावर इच्छुक असलेल्या सर्वांचे बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. तीन मिनिटे पुरेशी असतात. घरी ज्याला आपण अरे-तुरे करतो, त्या भावालाही सभेत ‘तुम्ही’ म्हणावे, आणि आप्पा, नाना, अक्का, मामी ही नाती तोंडी असली तरी युक्तिवाद नात्यावर बेतू नये. ‘मी तुला कडेवर खेळवले आहे’ हा मुद्दा छपराच्या पत्र्यांच्या दरपत्रकाला उत्तर होऊ शकत नाही.

स्त्रियांचा प्रश्न नियमाने सुटत नाही, कारण नियमाने त्यांना बोलण्याची परवानगी असतेच. सासरा, जेठ आणि गावातले थोर समोर बसलेले असताना सून उठून बोलत नाही. म्हणून अध्यक्षांनी वाट न पाहता महिला मंडळाला आधी बोलण्याची संधी द्यावी, आणि महत्त्वाच्या विषयांवर महिला मंडळाने सभेआधी स्वतंत्र बसून आपले म्हणणे लेखी द्यावे. तरुण संघालाही असेच विचारावे. वर्गणी न भरलेल्या गरिबाला मताधिकार आहे की नाही, हे घटनेप्रमाणे ठरेल, पण ते सभेच्या दारात, सर्वांदेखत त्याला सांगू नये; मतदारयादी आठवडाभर आधी लावावी, म्हणजे ज्याची थकबाकी आहे त्याच्याशी पाळक एकांतात बोलू शकतील. श्रीमंताला बसायला चांगली जागा आणि गरिबाला उभे राहायला कोपरा देणाऱ्या मंडळीला याकोबाने जे सुनावले आहे, ते सतरंजी आणि खुर्च्या मांडतानाही आठवावे.

ठराव मांडताना एका वेळी एकच असावा. सूचक आणि अनुमोदक यांची नावे घ्यावीत, ठरावाचे शब्द सेक्रेटरींनी लिहून वाचावेत, दुरुस्ती आली तर तिच्यावर आधी मत घ्यावे. गोष्टींसाठी हात वर करणे चालते. माणसांसाठी नेहमी चिठ्ठी वापरावी, कारण नातलगाच्या डोळ्यांदेखत हात वर न करण्याचे धैर्य कोणाकडून मागणे योग्य नाही. आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. ज्या ठरावावर तासभर मतभेद झाले, त्याच्यापुढे इतिवृत्तात ‘एकमताने मंजूर’ असे लिहिले जाते, आणि त्यामागे मंडळीची शोभा राखण्याचा चांगला हेतूही असतो. तरीही ते असत्य आहे. यरुशलेमच्या सभेत पुष्कळ वादविवाद झाला, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात लपवलेले नाही. आधी वाद झाला, मग पेत्र बोलला, मग सगळा समुदाय गप्प राहून बर्णबा आणि पौल यांचे ऐकू लागला, आणि शेवटी याकोबाने निष्कर्ष मांडला. पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले, हे शब्द त्या वादातून गेल्यानंतर लिहिले गेले आहेत.

आवाज चढतो तेव्हा

आवाज चढला की अध्यक्षांचा पहिला मोह घाईने प्रार्थना सांगण्याचा असतो. त्याने शांतता होते, पण ज्याचे म्हणणे अर्धवट राहिले त्याला प्रार्थनेचाच राग येऊ लागतो. त्यापेक्षा अध्यक्षांनी दोन्ही बाजूंचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत, कोणतेही टोमणे न मारता पुन्हा सांगावे आणि ‘तुमचे म्हणणे मी बरोबर सांगितले का?’ असे प्रत्येकाला विचारावे. आपले म्हणणे समोरच्याला कळले एवढ्यानेच पुष्कळांचा राग उतरतो. त्यानंतर दोन मिनिटांची शांतता आणि मग प्रार्थना. तरीही धग राहिली, तर विषय पुढच्या तारखेला ठेवावा. खटल्यात आधी बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची झाडाझडती घेईपर्यंत, हे नीतिसूत्र अध्यक्षांच्या टेबलावर लिहून ठेवायला हरकत नाही.

व्यक्तीविरुद्धचे आरोप खुल्या सभेत घेऊ नयेत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे: आधी एकांतात, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, आणि मग मंडळीपुढे. वडिलांवरील आरोपासाठी तर तीमथ्याला दोन-तीन साक्षीदारांची अट सांगितली आहे. मात्र हा क्रम गुन्हा झाकण्यासाठी नाही. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे आधी एकांतात समजावू, मग वडिलांना बसवू, असे म्हणणाऱ्या कमिटीने शास्त्रभागाचा गैरवापर केलेला असतो.

जागा, गाळे आणि कायदा

खानदेशात मिशनच्या काळातील अनेक जागांचे कागद स्थानिक मंडळीच्या नावावर नसून मिशनच्या किंवा मालमत्ता सांभाळणाऱ्या न्यासाच्या नावावर असतात. म्हणून जागेवर चर्चा करण्याआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रकाचा उतारा सभेपुढे ठेवावा; निम्मे वाद तेथेच संपतात, कारण जी जागा आपली नाही ती विकण्याचा ठरावही आपण करू शकत नाही.

मंडळी नोंदलेला सार्वजनिक न्यास असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. विश्वस्त बदलले की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणूक झाली, हार घातले, आणि अर्ज कोणी दिलाच नाही, असे घडले की काही वर्षांनी दोन कमिट्या एकमेकींना बेकायदा म्हणू लागतात. कलम 36 प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध ठरत नाही. शेतजमिनीचा 10 वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमिनीचा किंवा इमारतीचा 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही त्यात येतो. रस्त्यालगत दुकानगाळे बांधून ते दीर्घ मुदतीने देण्याचा विचार करणाऱ्या शहरी मंडळ्यांनी हे विशेष पाहावे. आदिवासी सभासदाने प्रार्थनामंदिरासाठी जमीन देऊ केली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे परवानगीचा प्रश्न येतो. त्याच्या उदारतेबद्दल उपकार मानावेत आणि बांधकामाआधी वकिलाला विचारावे.

करिंथ येथील विश्वासणारे एकमेकांविरुद्ध न्यायालयात जात, याबद्दल पौलाने त्यांना लाज वाटावी असे लिहिले. त्याचा आधार घेऊन काही जण धर्मादाय कार्यालयात कागद देण्यालाही विरोध करतात. बंधूवर खटला भरणे आणि कायद्याने मागितलेला अर्ज वेळेवर देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी वेळेवर केली तर पहिलीची पाळी सहसा येत नाही.

इतिवृत्त आणि त्यानंतरचे दिवस

इतिवृत्ताची वही बांधलेली आणि पानांना क्रमांक घातलेली असावी. त्यात उपस्थिती, ठरावाचे नेमके शब्द, सूचक, अनुमोदक, मतांची संख्या आणि काम कोणी कधीपर्यंत करायचे हे लिहावे. कोण कोणाला काय बोलले हे लिहू नये. रागाच्या भरात निघालेला शब्द वहीत गेला की नातवंडेही तो वाचतात. सभा संपण्यापूर्वी सर्व ठराव मोठ्याने, आणि जेथे गरज आहे तेथे बोलीतही, वाचून दाखवावेत. चूक असेल तर तेथेच दुरुस्त होते.

सभेनंतर वरण-बट्टीचे किंवा खिचडीचे एकत्र जेवण ठेवावे, आणि वाढायला कमिटीने उभे राहावे. ज्यांचे म्हणणे नामंजूर झाले त्यांच्या घरी पाळकांनी त्याच आठवड्यात जावे. मन वळवण्यासाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी. नामंजूर झालेल्यांनीही ठराव झाला की तो आपला मानावा आणि वर्षभर प्रत्येक प्रार्थनासभेत तो पुन्हा उकरू नये; नवी माहिती असेल तर लेखी देऊन पुढच्या सभेत विषय मागावा. क्वचित मतभेद मिटतच नाहीत. योहान ऊर्फ मार्क याला बरोबर न्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला आणि ते वेगळ्या वाटांनी गेले, तरी दोघांचेही काम चालू राहिले.

यरुशलेमच्या सभेने निर्णय पत्रात लिहिला आणि तो तोंडीही सांगता यावा म्हणून यहूदा व सीला यांना पत्राबरोबर पाठवले. आपणही ठरावांची एक पानी प्रत फळ्यावर लावावी, प्रत्येक पाड्यावरच्या एका सभासदाकडे द्यावी, आणि जे सभेला येऊ शकले नाहीत त्यांना ती वाचून दाखवण्याची जबाबदारी नावानिशी सोपवावी. तीन महिन्यांनी कमिटीने त्याच कागदावर, कोणते काम झाले आणि कोणते राहिले, हे लिहून तो पुन्हा लावावा.